कादंबऱ्यांच्या वाचकाने इतिहास आणि अर्थशास्त्राकडे कसं वळावं? कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमाने?

तुम्ही लिहिलंय की आजवर फक्त कादंबऱ्या आणि रहस्यकथा वाचल्या, युव्हाल नोआ हरारींचं मानवजातीच्या इतिहासावरचं ‘सेपियन्स’ आवडलं पण महिन्याभराने त्यातलं काही आठवेना, आणि अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलेख बघूनच मिटलं. आता आठ-दहा पुस्तकं हवी आहेत, क्रमासकट.

आठवेना यात तुमचा दोष नाही. 70,000 वर्षांची मजल एका पुस्तकात मारायची तर लेखकाला विमानातूनच जमीन दाखवावी लागते. बघताना छान वाटतं, उतरल्यावर रस्ता एकही सांगता येत नाही. मीही सुरुवातीची तीन-चार वर्षं अशीच ‘सगळ्याचा इतिहास’ छापाची जाडजूड पुस्तकं वाचण्यात घालवली. आता कुणी विचारलं की उलट क्रम सांगते: आधी एका माणसाचं, एका वर्षाचं किंवा एका दुष्काळाचं पुस्तक, आणि मोठ्या आवाक्याची त्यानंतर.

सुरुवात मराठीतूनच करा, विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पासून. घरावर कर्ज, म्हणून एक गरीब भिक्षुक काकांना सोबत घेऊन उत्तरेला निघतो. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, एवढाच हिशेब. आणि नेमका 1857 च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा तो झाशीतच असतो. शहर पडल्यावरची लूट, लपाछपी, पाण्याविना काढलेले दिवस हे सगळं तो सांगतो, पण इतिहासकारासारखं नाही. कंपनी सरकारच्या धोरणाबद्दल त्याला फारसं ठाऊक नाही. आज जेवण कुठे मिळेल आणि जवळचे पैसे कुठे लपवायचे, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटते. हा पाणी काढून द्यायला जातो तर ती त्याला थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, असं म्हणून स्वतःच काढते. कादंबरी वाचणाऱ्याला हा प्रसंग सोडवत नाही.

आता खरी गंमत. हे पुस्तक 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण छापताना मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती बऱ्याच वर्षांनी दत्तो वामन पोतदारांनी काढली. मी आधी वैद्यांची वाचली होती. दुसरी हाती आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून काही पानं ताडून पाहिली, आणि इतिहास म्हणजे काय हे मला त्या दुपारी पहिल्यांदा थोडंसं कळलं. कुणी काय गाळलं, का गाळलं, कुणाला घाबरून गाळलं? शाळेत सनावळ्या पाठ करताना हे प्रश्न कधी पडलेच नव्हते.

हे प्रश्न पडायला लागले की ई. एच. कार यांचं ‘व्हॉट इज हिस्ट्री?’ हातात घ्या. केंब्रिजमधली व्याख्यानं आहेत, 1961 मध्ये पुस्तक झालं, फार मोठं नाही. त्यातली माशांची उपमा प्रसिद्ध आहे: पुरावे म्हणजे कोळणीच्या पाटीत मांडून ठेवलेले मासे नव्हेत, ते अथांग समुद्रात पोहणारे मासे. इतिहासकाराला काय गावणार हे तो कुठे जाळं टाकतो आणि कसलं टाकतो यावर बरंचसं ठरतं. पहिलं प्रकरण दोनदा वाचा. शेवटची दोन घाईत वाचलीत तरी चालेल, मी तशीच वाचली.

रहस्यकथा आवडतात म्हणालात, तर कार्लो गिन्झबर्ग यांचं ‘द चीज अँड द वर्म्स’ चुकवू नका. मूळ इटालियन पुस्तक 1976 चं. इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउलीमधला एक गिरणीवाला, लोक त्याला मेनोक्कियो म्हणत. सोळाव्या शतकात धर्मन्यायालय त्याच्यावर दोनदा खटला चालवतं, कारण हा बाबा ज्याला त्याला सांगत सुटलेला असतो की दुधाचं चीज व्हावं तसं आदिम गोंधळातून जग घट्ट होत गेलं आणि चीजमध्ये किडे पडावेत तसे त्यात देवदूत निपजले. गप्प बसला असता तर वाचला असता, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. न्यायाधीशांपुढेही तो उत्साहाने बोलतच राहतो, आणि दुसऱ्या खटल्यानंतर त्याला मृत्युदंड होतो. गिन्झबर्ग काय करतात, तर या माणसाने कोणती पुस्तकं वाचली होती ते जबान्यांमधून शोधतात, ती पुस्तकं स्वतः वाचतात आणि तिथे लिहिलेलं काय, याने समजून घेतलेलं काय, याचा मेळ घालत बसतात. मेळ बसत नाही. त्या फटीतून, ज्यांनी स्वतःचं काही लिहून ठेवलं नाही अशा माणसांचं जग दिसायला लागतं. इतिहासावरचं एकच पुस्तक सुचवायचं असतं तर मी हेच सुचवलं असतं.

युद्धाचा इतिहास हवा असेल तर बार्बरा टकमन यांचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’. पहिल्या महायुद्धाचा जेमतेम पहिला महिना, पण हुशार माणसं एकेक पाऊल टाकत खड्ड्याकडे कशी जातात ते अंगावर येतं. 1962 मध्ये आलेलं हे पुस्तक क्युबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डोक्यात ताजं होतं.

यानंतर जारेड डायमंड यांचं ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ घ्यायला हरकत नाही. त्याचा उगम न्यू गिनीतल्या याली नावाच्या माणसाच्या प्रश्नात आहे: तुम्हा गोऱ्यांकडे इतका माल आणि आमच्याकडे इतका कमी, असं का? उत्तर भूगोल, पिकं, जनावरं आणि रोगजंतू यांतून दिलंय. अनेक इतिहासकारांना आणि मानववंशशास्त्रज्ञांना ते पटत नाही. माणसांचे निर्णय आणि राजकारण यात हरवतं, असं त्यांचं म्हणणं. मला निम्मं पटतं. पण गोडसे भटजी आणि मेनोक्कियो आधी भेटले असतील तर काय हरवलंय ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता अर्थशास्त्र. पाठ्यपुस्तक सध्या बाजूलाच राहू द्या. अर्थशास्त्राकडे इतिहासाच्या दाराने जावं असं माझं मत आहे, आणि त्यासाठी रॉबर्ट हाइलब्रोनर यांचं ‘द वर्ल्डली फिलॉसॉफर्स’ (1953) मला सगळ्यात बरं वाटतं. स्मिथ, माल्थस, रिकार्डो, मार्क्स, व्हेब्लेन, केन्स हे अर्थतज्ज्ञ कसे राहत, कशाने अस्वस्थ होत, आणि त्या अस्वस्थतेतून सिद्धांत कसा आला, अशी मांडणी आहे. शीर्षकात ‘अर्थशास्त्र’ हा शब्द नाही, कारण तो वेष्टनावर दिसला तर खप बुडेल अशी प्रकाशकाकडच्यांना भीती होती. तुमचा पाठ्यपुस्तकाचा अनुभव पाहता भीती रास्तच म्हणायची. मराठीतच वाचायचं असेल तर अच्युत गोडबोले यांचं ‘अर्थात’ संकल्पना आणि विचारवंत दोन्ही घेतं. एका बैठकीत नको, लागेल तसं उघडून वाचा.

मग जॉन केनेथ गालब्रेथ यांचं ‘द ग्रेट क्रॅश, 1929’, अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला त्यावरचं. अर्थतज्ज्ञ इतकं खट्याळ लिहू शकतो हे मला त्यापूर्वी माहीत नव्हतं. पुढच्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की विमानतळावरच्या दुकानात त्यांनी हे पुस्तक आहे का विचारलं, तर विक्रेती म्हणाली, असल्या नावाचं पुस्तक विमानतळावर कसं खपणार! पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली कल्पना अफरातफरीबद्दलची आहे. पैसे हडपले जाणं आणि ते उघडकीस येणं यांत महिने-वर्षं जातात. तेवढ्या काळात चोराकडे पैसा आलेला असतो आणि ज्याचा गेला त्याला अजून पत्ताच नसतो, म्हणजे दोघंही स्वतःला श्रीमंत समजतात. तेजीत सगळे एकमेकांवर विश्वास टाकतात, हिशेब कुणी तपासत नाही, त्यामुळे ही न सापडलेली अफरातफर फुगत जाते. मंदी आली की प्रत्येक वही बारकाईने तपासली जाते आणि फुगा बसतो. तेव्हापासून बाजार चढल्याच्या बातम्या वाचताना मला हे आठवतंच.

अमर्त्य सेन यांचं ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ (1981) वाचायला सोपं नाही, तरीही सांगते. प्रश्न एका ओळीत मावतो: लोक भुकेने मरतात ते अन्न नसतं म्हणून का? 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचे आकडे मांडून ते दाखवतात की त्या वर्षी उपलब्ध धान्य 1941 पेक्षा जास्त होतं, आणि 1941 मध्ये दुष्काळ नव्हता. युद्धाच्या खर्चाने भाव भडकले, कलकत्त्याला स्वस्त धान्य पुरवलं गेलं, आणि खेड्यातला शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी किंवा माल विकून धान्य घेण्याची ताकद संपली. मेले ते प्रामुख्याने हे लोक. सेन यांच्या आकड्यांवर नंतर वाद झाले, अजूनही होतात. पण धान्य किती आहे या प्रश्नाच्या जागी ते कुणाला मिळवता येतंय हा प्रश्न आला, तो कायमचा. कठीण गणित त्यांनी मागच्या परिशिष्टांत ठेवलंय, ते खुशाल सोडा. बंगालचं प्रकरण मात्र सावकाश वाचा. त्याच्या जोडीला अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचं ‘पुअर इकॉनॉमिक्स’ (2011) चालेल. ते बरंच हलकं आणि किश्शांनी भरलेलं आहे.

फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटी यांचं ‘कॅपिटल’ लोक हमखास सुचवतात. बाल्झाकच्या आणि जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतल्या वारसा-हुंड्याच्या हिशेबांतून ते एकोणिसाव्या शतकातली संपत्ती समजावतात, तो भाग तुम्हाला नक्की आवडेल. बाकीचं पुस्तक दोन-तीन वर्षांनी.

इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या बांधावरचं एक पुस्तक म्हणजे जेम्स स्कॉट यांचं ‘सीइंग लाइक अ स्टेट’ (1998). सुरुवात जर्मन जंगलाची. सरकारी वनखात्याला मोजायला सोयीचं व्हावं म्हणून मिश्र जंगल काढून एकाच जातीची झाडं रांगेत लावली. पहिली पिढी झकास वाढली, लाकूड भरपूर मिळालं. दुसऱ्या पिढीत झाडं खुरटू लागली, कारण ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकलेलं झुडूप, पालापाचोळा, किडे, पक्षी हेच जमीन राखत होते. मग पक्ष्यांसाठी खोकी टांगा, मुंग्यांची वारुळं वसवा अशी धावपळ सुरू झाली. तिथून स्कॉट आडनावांवर, नियोजित शहरांवर, सोव्हिएत सामुदायिक शेतीवर जातात. पुस्तक लांबलंय, शंभर पानं कमी चालली असती. पण हे जंगल एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही योजनेचा तक्ता बघताना तिथे काय मोजलेलं नाही हेच आधी शोधायची सवय लागते.

इतर विषयांतलं फार लांबवत नाही. डॅरेल हफ यांचं ‘हाउ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ (1954) एका संध्याकाळी संपतं आणि आलेखांची भीती घालवतं. हाच गृहस्थ 1965 मध्ये सिगारेट कंपन्यांच्या बाजूने अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला उभा राहिला, हेही माहीत असू द्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ उत्तम, पण नकळत मिळालेल्या सूचनांनी माणसाचं वागणं बदलतं हे सांगणारं प्रकरण जरा हात राखून वाचा. त्यातल्या प्रयोगांवर आपण जास्तच भरवसा ठेवला, हे कानेमान यांनीच पुढे मान्य केलं.

आणि सोडून द्यायला शिका. स्पेनच्या यादवी युद्धावरच्या ‘होमेज टु कॅटलोनिया’मध्ये ऑर्वेल स्वतःच सांगतो की पक्षीय राजकारणात रस नसेल तर त्याबद्दलचा भाग वगळा. बाकीचे लेखक तोंडाने म्हणत नाहीत इतकंच. साठ-सत्तर पानांत पुस्तक बोलायला लागलं नाही तर मी ठेवून देते. काही परत हातात येतात, काही येत नाहीत. फ्रेंच इतिहासकार ब्रोदेलने भूमध्य समुद्रावरचा आपला प्रचंड ग्रंथ जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत बसून, बहुतांश आठवणीतून लिहून काढला. मला घरात बसून त्याचा दुसरा खंड अजून पुरा करता आलेला नाही.