आजोबांची रेल्वेची पेटी लहान संग्रहालयाला द्यावी का? तिथे त्या वस्तूंचं पुढे काय होतं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा मिरज-कुर्डुवाडी नॅरोगेजवर गार्ड होते. घर बदलताना त्यांची काळी लोखंडी पेटी सापडली. तिच्यात हातकंदील, शिट्टी, पितळी बिल्ला, पुठ्ठ्याची काही तिकिटं, दोन वह्या आणि अक्षरं कोरलेला एक पोलादी गोळा आहे. आणि जवळच्या लहान संग्रहालयात दिलं तर ते सगळं कोपऱ्यात धूळ खात पडेल, अशी तुम्हाला भीती वाटते.

भीती रास्त आहे. तरीही द्या, असंच मी म्हणेन. फक्त देण्याआधी थोडं काम करा.

माझे वडील त्याच लाइनवर ढालगावला पॉइंट्समन होते, म्हणजे स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे. मी शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि गेली सहा वर्षं आमच्या भागातल्या एका छोट्या रेल्वे संग्रहालयात आठवड्यातून दोन दिवस नोंदवही लिहायला जाते. दोन खोल्या आणि मागे एक पत्र्याची शेड, एवढाच पसारा. इंजिन नाही, डबा नाही. आहे ते सगळं तुमच्या पेटीत निघालं तसलंच.

सगळ्यात आधी एक विचारते. पेटीत चपटे, गोल, पत्र्याचे डबीसारखे तुकडे आहेत का? बाजूंना वाकवता येणाऱ्या शिशाच्या पट्ट्या असतात त्यांना. असतील तर हात लावू नका, पेटी हलवू नका, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. ते डेटोनेटर, आपल्याकडचे लोक फटाके म्हणायचे. धुक्यात किंवा पुढे अपघात झाला असेल तर ते रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळायचं. प्रत्येक गार्डाच्या सामानात ते असायचेच. त्यात खरी स्फोटक दारू असते आणि जुनी झाली की ती जास्त बेभरवशाची होते. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे अशीच एक पेटी आली. झाकण उघडलं तर झेंड्यांच्या घडीखाली असे तीन. आम्ही झाकणसुद्धा परत लावलं नाही. खोली रिकामी केली आणि रेल्वे पोलिसांना फोन केला. त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. तुम्हीही तेच करा.

आता गोळ्याविषयी. तो नीलच्या टोकन यंत्रातला गोळा असावा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांत एकेक यंत्र असायचं, तारेने एकमेकांना जोडलेलं. स्टेशनमास्तर घंटेच्या ठोक्यांनी पुढच्या स्टेशनाला विचारणार, तिकडून होकार आला तरच इथल्या यंत्रातून एक गोळा सुटणार. तो बाहेर आहे तोवर दोन्हीपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा गोळा निघत नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. ते कडं पॉइंट्समन हात उंच करून धरणार आणि चालत्या इंजिनातून फायरमन त्यात हात घालून ते ओढून घेणार. माझ्या वडिलांच्या उजव्या दंडावर त्या कड्याचा फटका बसून वळ उठलेला मी पाहिलाय. हाती गोळा नाही तर ड्रायव्हर गाडी हलवणार नाही, इतकं साधं आणि इतकं पक्कं. शेजारच्या सेक्शनचा, म्हणजे पुढच्या दोन स्टेशनांमधल्या पट्ट्याचा, गोळा चुकूनही आपल्या यंत्रात बसू नये म्हणून त्याची घडणही वेगळी ठेवत.

पण तुमचा गोळा नॅरोगेजचाच असेल असं धरून चालू नका. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही लाइनी एकत्र होत्या आणि माणसांच्या बदल्या सगळीकडे व्हायच्या. गोळ्यावर दोन स्टेशनांच्या नावांची अक्षरं आणि एक क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. उन्हात तिरपा धरून फोटो काढा, अक्षरं स्पष्ट दिसतात. ब्रासो, लिंबू, चिंच काहीही लावू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, पुरे. बिल्ला तर अजिबात घासू नका. पितळ घासलं की दरवेळी थोडं अक्षर जातं. आमच्याकडे आलेल्या एका बिल्ल्यावर घरच्यांनी वर्षानुवर्षं दसऱ्याला इतकं प्रेम केलं होतं की क्रमांकाचा शेवटचा आकडा आता कुणालाच वाचता येत नाही.

एक कायद्याचीही बाजू आहे. रेल्वेची मालमत्ता बेकायदेशीर जवळ बाळगण्याविरुद्ध 1966 चा कायदा आहे. भंगाराच्या लिलावातून अशा पुष्कळ वस्तू रीतसर बाहेर आल्या, पण तुमच्या पेटीबरोबर पावती असण्याची शक्यता कमी. तेव्हा ऑनलाइन विकायला काढू नका. संग्रहालयाला देताना आजोबांचं नाव, हुद्दा, निवृत्तीचं वर्ष आणि पेटी घरात कशी राहिली हे खरं खरं लिहिलेलं पत्र सोबत द्या.

ही वस्तूची गोष्ट लेखी असणं, हाच माझा सगळा आग्रह आहे. कारण सांगते. 1998 साली मी वडिलांचा हातकंदील एका संस्थेच्या प्रदर्शनाला दिला. पावती घेतली नाही, चिठ्ठी लावली नाही. काही वर्षांनी विचारायला गेले तर तिथे कुणाला काहीच माहीत नव्हतं. कपाटात चार कंदील होते, चारही सारखे. त्यातला एक माझ्या वडिलांचा असेलही. मी पाऊण तास ते चारही हातात घेऊन बघत होते, वरची टोपी फिरवत होते. टोपी फिरवली की आतली काच फिरते, पांढरा, मग लाल, मग हिरवा. आमच्या कंदिलाची टोपी हिरव्यावर जराशी अडायची. चारपैकी दोन अडत होत्या. मी रिकाम्या हाताने परत आले.

आता आम्ही वस्तू घेताना त्याच वेळी समोर बसून नोंद करतो. कुणाची, कुठल्या स्टेशनावरची, कोणत्या वर्षांतली, घरात तिचा काय उपयोग व्हायचा, हेसुद्धा. (कितीतरी कंदील लोडशेडिंगमध्ये स्वयंपाकघरात जळले आहेत, आणि तीही त्यांचीच नोकरी.) मग क्रमांक पडतो, तो वस्तूला सुती दोऱ्याने बांधतो, फोटो काढतो आणि देणाऱ्याला सहीशिक्क्याची पावती जाते. तुम्ही कुठेही द्या, पावती आणि नोंद क्रमांक मागून घ्या. ‘कायमचं दिलं’ की ‘दाखवायला ठेवलं’ हे तिच्यावर लिहिलेलं असू दे. जिथे नोंदवहीच नाही तिथे देऊ नका. इमारत लहान असली तरी चालेल, वही हवी.

यंदा आमच्याकडे आलेल्या वस्तूंपैकी दोनच सांगते. एक, तिकिटावर तारीख मारायचं मशीन. खिडकीपलीकडून यायचा तो खट् आवाज तुमच्या आईवडिलांना विचारा. जेमतेम सव्वादोन इंच लांबीचं ते पुठ्ठ्याचं तिकीट थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्लिश स्टेशनमास्तरने एकोणिसाव्या शतकात काढलं आणि आपल्याकडे संगणक येईपर्यंत तेच चाललं. तुमच्या तिकिटांच्या कडेला दाबून उमटलेली तारीख असेल, ती विजेरीच्या तिरप्या उजेडात वाचता येते. त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. ते कधीच पूर्ववत होत नाही.

दुसरी, एका गार्डाची कच्ची वही, आणि तुमच्याकडे अशा दोन आहेत हे वाचून मला राहवेना. गाडी कुठे किती वाजता पोचली, कधी सुटली, मागे किती डबे, उशीर किती आणि कशामुळे, सगळं पेन्सिलीने. आमची वही 1972 च्या दुष्काळातली आहे. तिच्यात सांगोला, जत रोड, कवठे महांकाळ या पट्ट्यात उशिराच्या कारणापुढे इंजिनच्या पाण्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. वाफेचं इंजिन, आणि स्टेशनाच्या विहिरीला पाणी नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जलदूत गाडी गेली, पहिल्या फेरीला दहा टँकर आणि पाच लाख लिटर पाणी. ती गेली ती जवळपास याच जुन्या बार्शी लाइटच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या नॅरोगेजच्या वाटेने, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून. रुळ रुंद झाले होते, एवढंच. ती वही आणि जलदूतचा फोटो आम्ही एकाच काचेखाली ठेवलाय. परवा एक लातूरचे गृहस्थ तिथे किती तरी वेळ उभे होते.

तुमच्या आजोबांची लाइन काय होती हे मुलांना सांगा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने ती आखली. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्याची खुबी अशी की इंजिन असो, मालडबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा त्याने सगळा हिशोब बसवला. त्यामुळे हलके, स्वस्त रुळ पुरले आणि तरीही बोगीचे मोठे डबे चालले. लहान रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची दुबळी नक्कल नव्हे, हे त्याने सोलापूर जिल्ह्याच्या माळावर दाखवून दिलं. पुढे इंग्लंडमध्ये त्याने तशीच अडीच फुटी लाइन बांधली. 1 जानेवारी 1954 ला कंपनी जाऊन बार्शी लाइट सरकारची झाली. आषाढीला मात्र तिच्यावर ना कंपनीचा हुकूम चालायचा ना सरकारचा. माणसं टपावरसुद्धा बसायची. आजोबांनी त्या वारीच्या गाड्या नेल्या असणार. गार्डाचा डबा सगळ्यात मागे, तिथून आख्खी गाडी टाळ वाजवत जाताना दिसते. त्याबद्दल घरात कुणाला काही आठवत असेल तर आजच विचारून घ्या. आत्या, काका, आजोबांचे शेजारी, जे कोणी हयात असतील त्यांना. मोबाइलवर रेकॉर्ड करा. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, 2022 पासून. बार्शी लाइटचा गार्ड म्हणजे काय हे सांगू शकणारे आता मोजकेच उरलेत.

आम्ही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अशाच मोजक्यांना बोलावतो. चहा, खारी, आणि मधे टेबलावर एखादी नवी आलेली वस्तू. ऐंशी पार केलेले एक फिटर मागे आले होते. त्यांना ऐकू कमी येतं, बोलले जवळजवळ काहीच नाहीत. पण त्यांच्या हातात आम्ही टोकनचं कडं दिलं तर ते उठले, पाय फाकवून उभे राहिले, रुळ कुठे असता आणि गाडी कुठून येती याचा अंदाज घेतल्यासारखी मान वळवली आणि कडं बरोबर त्या उंचीवर धरलं. शेडमधली पोरं गप्प झाली. 16 एप्रिलला, म्हणजे 1853 साली बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी धावली त्या दिवशी, संध्याकाळी आम्ही शेडचे दिवे मालवतो आणि दोन हातकंदील रॉकेल घालून पेटवतो. आतली काजळी आम्ही मुद्दाम काढत नाही. तुमच्याही कंदिलातली काढू नका.

वह्यांचं तेवढं आधी करा. पानं न दाबता, वही पूर्ण न उलगडता फोटो काढून ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही. पावसाळ्यात पेटी जमिनीला टेकवून ठेवू नका. मूळ वह्या द्यायला जीव होत नसेल तर निदान फोटोंची प्रत द्या, कुठलंही शहाणं संग्रहालय तेवढ्यावरही खूश होईल. शिट्टी घरातच ठेवलीत तरी मी काही म्हणणार नाही. एक वस्तू नातवंडांच्या हाताला लागायला हवी.

आणि गोळ्यावरची अक्षरं वाचून इथेच खाली लिहा. दोन अक्षरगट असतील, मधे बहुधा रेघ. माझ्याकडे जुन्या वेळापत्रकातली स्टेशनांची यादी आहे, सेक्शन कुठला ते मी शोधून देते.