शाळेची टाकी किती मोठी, यापेक्षा ती किती वेळा रिकामी होते

शाळेच्या 200 चौरस मीटर पत्र्याच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवण्यासाठी 5,000 लिटरची टाकी पुरेल की 10,000 लिटरची घ्यावी, आणि ते पाणी मुलांना पिण्यास देता येईल का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. अशी व्यवस्था दोन शाळांमध्ये उभी करण्यात, आणि त्याहून कठीण म्हणजे पुढे काही वर्षे ती चालती ठेवण्यात, माझा सहभाग होता. त्या अनुभवावरून लिहितो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पत्रा ओला होण्यात जाणारे आणि पन्हळीबाहेर उडणारे पाणी वजा जाता साधारण 80 टक्के हाती लागते असे धरावे. म्हणजे 10 मिलिमीटर पावसात आपल्याला सुमारे 1,600 लिटर मिळतील आणि 5,000 लिटरची टाकी 30 मिलिमीटरच्या थोड्या वर पाऊस झाला की भरेल. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो, कारण भरलेल्या टाकीत पुढचा थेंबही मावत नाही. पहिल्या शाळेत आम्ही मोठी टाकी घेतली, ती बागेसाठी राखून ठेवली आणि भरल्यावर कुलूप लावले. पाऊस असताना बागेला पाणी नको होते, त्यामुळे वर्षभरात टाकी एकदाच भरली आणि बचत 10,000 लिटरपुरतीच झाली. दुसऱ्या शाळेत निम्म्या आकाराची टाकी होती, पण तिचे पाणी स्वच्छतागृहांसाठी आणि फरशी पुसण्यासाठी रोज सुमारे 1,000 लिटर वापरले जाई. पावसाच्या काळात ती 15 वेळा भरली तरी 75,000 लिटर नळाचे पाणी वाचते. म्हणून माझे मत 5,000 लिटरच्या बाजूने आहे, मात्र तिचे पाणी रोज वापरले जाईल अशी जागा आधी ठरवावी. पावसाचे दोन कालखंड महिनोन्महिने अंतरावर असतील आणि मधल्या काळात पाणी मिळतच नसेल, तर गोष्ट निराळी. तिथे साठवणच महत्त्वाची ठरते.

पिण्याच्या बाबतीत माझे उत्तर सरळसरळ ‘नाही’ असे आहे. छतावर पक्ष्यांची विष्ठा, धूळ आणि कुजलेली पाने असतातच, शिवाय जुन्या रंगात किंवा सांध्यांवरच्या पट्ट्यांत शिसे असू शकते. क्लोरिनने जंतू मरतात, शिसे जात नाही. उकळूनही जात नाही. गाळणी, निर्जंतुकीकरण आणि प्रयोगशाळेतील नियमित तपासणी या तिन्हींची जबाबदारी शाळा कायम घेणार असेल तरच त्याचा विचार करावा. पावसाच्या पाण्याची नळजोडणी पिण्याच्या नळापासून पूर्णपणे वेगळी असावी, आणि तोटीवर सूचनेबरोबर चित्रही असावे, कारण सर्वांत लहान मुलांना वाचता येत नसते.

आता पहिल्या सरीच्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. छत धुऊन येणारे पहिले अर्धा ते एक मिलिमीटर पाणी टाकीत जाऊ देऊ नये. आपल्या छतासाठी ते 100 ते 200 लिटर होते. यासाठी सर्रास एक उभी नळी बसवतात. पण 100 मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरमागे जेमतेम 8 लिटर पाणी मावते, म्हणजे आपल्याला बारा मीटरहून लांब नळी लागेल. त्याऐवजी वेगळे पिंप ठेवावे आणि त्याच्या तळाला बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे दोन पावसांच्या मधे ते आपोआप रिकामे होते. आमच्याकडे हे छिद्र नव्हते आणि खालचे टोपण काढण्याची आठवण कोणालाच राहिली नाही. अखेर ते फिरवले तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ भसकन पायांवर आला. तोपर्यंतच्या प्रत्येक पावसात घाण पाणी त्या गाळावरून थेट टाकीत गेले होते.

शाळेच्या छतावर आणखी एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे चेंडू. आमच्या पन्हळीच्या तोंडात एक चेंडू बुचासारखा घट्ट बसला होता आणि ऐन पावसात सगळे पाणी भिंतीवर पागोळत होते. तिथे घुमटाकार जाळी बसवावी.

टाकी अपारदर्शक असावी, नाहीतर शेवाळ धरते. डासांसाठी प्रत्येक तोंडावर, ओसंडून वाहणाऱ्या पाण्याच्या नळीवरसुद्धा, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी हवी. ती नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा अरुंद नसावी. भरलेल्या टाकीतील पाण्याचेच वजन पाच टन होते, त्यामुळे चौथऱ्याखालची जमीन जाणकाराला दाखवावी आणि टाकी गच्चीवर चढवण्याचा विचार सोडून द्यावा. चौथरा करताना बादली मोजून घ्यावी. आमची तोटी जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. तिच्याखाली बादली उभी राहत नसे, म्हणून मुले तांब्या-तांब्याने पाणी भरत आणि निम्मे सांडत.

दीर्घ सुट्टी लागण्यापूर्वी पिंप उघडून धुवावे, पन्हळ झाडावी आणि जाळ्या फाटल्या नाहीत ना ते पाहावे. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात आणि सुट्टी त्याहून मोठी असते. ही कामे कोणी करायची, त्याचे नाव टाकी बसवण्याच्या दिवशीच लिहून ठेवावे. आमच्या शाळेत ते काम ‘सर्वांचे’ होते, आणि टोपण न उघडण्याचे कारण तेच होते.