साताऱ्याच्या डीस्पेसमधल्या नोंदी सांगलीच्या पोर्टलवर नेताना रोज दोन-चार का गळतात?

तुमच्याकडे डीस्पेस ७ (प्रबंधांचा डिजिटल संग्रह ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, नोंदी ३५००, सांगलीचं पोर्टल रात्री २ वाजता ओएआय-पीएमएचने (एका संग्रहातल्या नोंदी दुसऱ्याने उचलण्याचा प्रोटोकॉल) त्या उचलतं, आणि तुमचा ओएआय इम्पोर्ट (नव्या नोंदी उचलण्यासाठी तयार करणारं काम) ३ वाजता चालतो असं तुम्ही लिहिलंय. गळती नेमकी त्या एका तासातच आहे.

डीस्पेस ओएआयसाठी सोलर या शोधयंत्रात वेगळी अनुक्रमणिका ठेवतो. दुपारी १२ ला भरलेला प्रबंध तिच्यात इम्पोर्टनंतरच येतो, पण त्याच्यावरची वेळ दुपारची राहते. सांगली दुसऱ्या रात्री 'काल २ नंतरचं द्या' म्हणते, तेव्हा तो प्रबंध जुना ठरतो आणि कधीच जात नाही. इम्पोर्ट रात्री १२ ला लावा. शिवाय सांगलीवाल्यांना 'फ्रॉम'ची (जिच्यापासूनच्या नोंदी हव्यात ती) तारीख दोन दिवस मागची धरायला सांगा. त्याच नोंदी पुन्हा आल्या तरी आयडेंटिफायर (नोंदीची ओळख) एकच असल्याने दुबार होत नाहीत.

प्रोटोकॉलमधली वेळ यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ, असते. कोणी भारतीय वेळच यूटीसी म्हणून लिहिली तर दर खेपेला साडेपाच तासांचं काम बुडतं.

आतापर्यंत गळालेल्यांसाठी एकदा तारखेशिवाय संपूर्ण लिस्टरेकॉर्ड्स (नोंदी मागण्याची आज्ञा) घ्या. एका पानात १०० नोंदी, म्हणजे ३५ पानं. प्रत्येक पानाखालचं रिझम्प्शन टोकन (पुढचं पान मिळवण्याची खूण) पुढच्या मागणीत जसंच्या तसं द्यायचं, त्याला दुसरं काही जोडलं की चूक येते. आणि नोंद काढायची असेल तर कायमची पुसू नका, विदड्रॉ करा (मागे घ्या). विदड्रॉ केलेली 'डिलीटेड' म्हणून सांगलीला कळते; पुसलेली तिथे तशीच लोंबकळत राहते.

मराठी नोंदींत आणखी एक गोष्ट जरूर तपासा, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. 'साताऱ्याचा' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे ऱ आणि हलन्त, कुठे साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात मात्र वेगळे. युनिकोडच्या एनएफसीने (अक्षरं एका प्रमाण रूपात आणण्याच्या पद्धतीने) हा फरक मिटत नाही. उचलणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात रूपांतर करणारी बदली स्वतः लिहावी लागते. ती सांगलीच्या बाजूला, अनुक्रमणिका करण्याआधी घाला, आणि वाचक शोधायला जे टाइप करतो त्यालाही तीच लावा. तुमच्या मूळ नोंदी तशाच राहू द्या.