आई-बाबांसोबत सिडनी: राहायचं कुठे?

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन सिडनीला जातोय. हॉटेल कुठे घेऊ, बघायचं काय?

उत्तर: ‘सर्क्युलर की’ या बंदरावरच्या बोटींच्या धक्क्याजवळचे हॉटेल्स महाग पडतात, त्यापेक्षा सेंट्रल स्टेशनजवळ घ्या, ट्रेनने काही मिनिटांत बंदरावर. आणि महागड्या क्रूझवर पैसे घालवू नका हो, तिथून मॅनली या समुद्रकाठच्या उपनगराला जाणारी साधी फेरीबोट पकडा, अर्ध्या तासात ऑपेरा हाऊस, 1932चा हार्बर ब्रिज सगळं पाण्यातून दिसतं, आई-बाबांना बाहेरच्या बाकावर बसवा, फक्त वारा खूप असतो म्हणून स्वेटर ठेवा! बोटॅनिक गार्डन फुकट आहे, ब्रिजवर चालायलाही तिकीट नाही. घरच्यासारखं जेवण हवं तर हॅरिस पार्क या उपनगरात जा, तिथे भारतीय हॉटेलं भरपूर.