पोलिश सॅलड, वीस माणसांसाठी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सासरच्या इस्टरच्या टेबलाविषयी गेल्या अंकात लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त प्रश्न एकाच पदार्थाबद्दल होते: बटाटा, गाजर, मटार, अंडी आणि खारवलेली काकडी घालून केलेलं सॅलड. इथे पोलंडमध्ये त्याला ‘सावात्का याझिनोवा’ म्हणतात. व्रोत्सवाफमध्ये राहून आणि क्येल्त्सेच्या सासूबाईंच्या हाताखाली मी जे शिकले, त्यावरून ही उत्तरं देते आहे.

ताई, आमची सून पोलंडची आहे. दिवाळीत दोघं येणार आहेत आणि तेव्हा घरात वीसेक माणसं असतील. तिच्या आईच्या घरचं सॅलड तिला करून घालायची फार इच्छा आहे. नीट प्रमाण द्याल का? — एक सासूबाई, सांगली

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. कारण हे सॅलड इथे एकट्यासाठी कुणी करतच नाही. नाताळ, इस्टर, नामदिन (आपल्या नावाच्या संताचा दिवस), मुलांचं पहिलं कम्युनियन (चर्चमधला संस्कार), घरात माणसं जमली की हे हवंच.

वीस माणसांना, सोबत इतर पदार्थ आहेत असं धरून: बटाटे सव्वा किलो, गाजरं पाऊण किलो, अंडी दहा, खारवलेल्या काकड्या अर्धा किलो, उकडलेले मटार अर्धा किलो, दोन आंबट सफरचंदं, एक छोटा कांदा. मेयोनेज चारशे ग्रॅमपासून सुरू करा आणि लागेल तसं वाढवा. तयार मोहरीची पेस्ट दोन-तीन चमचे, मीठ, भरपूर ताजी मिरपूड. पोलंडमध्ये यात पार्सलीचं पांढरं मूळ आणि सेलरीचा कंदही असतो. सांगलीत हे दोन्ही मिळवायला धावपळ करू नका. सेलरीचे दोन देठ भाज्या उकडताना पाण्यात टाका आणि नंतर काढून घ्या, वास उतरतो.

बटाटा नवा, चिकट जातीचा घ्या. पिठूळ बटाटा चिरताना फुटतो आणि मग सॅलडचा लगदा होतो. बटाटे आणि गाजरं सालासकट, अख्खी उकडा. बटाटे कुकरमध्ये नको, उघड्या पातेल्यात, सुरी जेमतेम आत जाईल इतपतच. उकडून आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. थंड झालेल्या बटाट्यातलं पिष्ट घट्ट होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्वच्छ, धारदार फोडी पडतात. गरम बटाटा सोलून लगेच चिरणं हे या सॅलडचं सर्वांत मोठं नुकसान आहे, असं मी अगदी ठामपणे म्हणेन. गाजर लाल न घेता केशरी घ्या, लाल गाजराचा रंग सगळीकडे उतरतो.

आता चिरणं. फोड मटाराएवढी, सगळ्या भाज्यांची एकसारखी. एका घासात बटाटा, गाजर, काकडी, अंडं, सफरचंद सगळं यायला हवं, म्हणूनच हा हट्ट. अंडी कापायची तारांची चौकट मिळते, तिच्यात अंडं एकदा कापून, न हलवता फिरवून पुन्हा कापलं की झटपट चौकोनी तुकडे पडतात. आमच्याकडे सासूबाई आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळ्यांना बसवतात आणि प्रत्येकाला एक चिरायचा पाट आणि एक भाजी देतात. जावयालाही सूट नाही. तुमच्याकडे वीस माणसं आहेत, तेव्हा सुनेला एकटीला ओट्यापाशी उभं करू नका. तिच्या माहेरीही असंच सगळे मिळून बसत असतील. चिरलेलं सगळं मोठ्या परातीत हलक्या हाताने कालवा, चव बघा, मग मेयोनेज घाला. मेयोनेज भाजीला धरून ठेवण्यापुरतंच हवं. चमच्यातून ओघळायला लागलं की जास्त झालं.

माझ्या सॅलडला तासाभरात पाणी सुटतं. काय चुकतं? — ठाणे

पाणी चार ठिकाणांहून येतं. भाज्या कोमट असतानाच मेयोनेज घातलं जातं. काकडी पिळलेली नसते. मटार निथळलेले नसतात. आणि मीठ फार आधी पडतं. काकडी चिरल्यावर चाळणीत अर्धा तास ठेवा, मग मुठीत दाबून पाणी काढा. ते पाणी फेकू नका, शेवटी आंबटपणा कमी वाटला तर त्यातलंच चमचाभर घालता येतं. मीठ अगदी शेवटी, कारण काकडी आणि मेयोनेज दोन्हींत ते आधीच आहे. कांदा घातलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी लवकर आंबूस होतं. दोन दिवस पुरवायचं असेल तर कांदा वगळा किंवा चिरून त्यावर उकळतं पाणी ओता, निथळा आणि मग घाला.

बाजारातल्या व्हिनेगरच्या काकड्या चालतील का? — नाशिक

चालवून घेता येतात, पण चव वेगळी होते. व्हिनेगरची काकडी तीक्ष्ण आणि बहुतेक वेळा गोड असते. पोलिश घरातली काकडी नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबवलेली असते, तिचा आंबटपणा मऊ आणि खोल असतो. तेवढ्या एका गोष्टीमुळे बटाट्याच्या सॅलडला पोलंडची चव येते. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. नाशिकमध्ये हे घरी अगदी उत्तम जमेल, कारण मुख्य मसाला तुमच्या मंडईत रोज जुड्या-जुड्यांनी येतो: शेपू.

बोटभर लांबीच्या, टणक, कोवळ्या काकड्या घ्या. मोठ्या काकडीत बिया आणि पाणी जास्त, ती आतून पोकळ होते. धुऊन दोन तास थंड पाण्यात ठेवा. स्वच्छ काचेच्या बरणीत तळाशी शेपूचे जाड देठ, मिळाली तर फुलंही, पाचसहा लसूणपाकळ्या, चमचाभर मोहरी. त्यावर काकड्या उभ्या, दाटीने. एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम आयोडीनविरहित मीठ, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे. तरीही वजन करून घेतलेलं चांगलं. पाणी उकळून पूर्ण गार करून ओता. काकड्या पाण्याखाली बुडून राहिल्याच पाहिजेत, वर स्वच्छ वाटी किंवा पाण्याने भरलेली छोटी पिशवी वजन म्हणून ठेवा. तोंडाला कापड बांधा आणि खाली ताट ठेवा, कारण फसफसून पाणी बाहेर येतं.

पोलंडमध्ये बरणीत हॉर्सरॅडिशचं (मोहरीसारखं झणझणीत) मूळ आणि ओक, चेरी किंवा ब्लॅककरंटच्या झुडपाची पानं घालतात. पानांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काकडी कुरकुरीत राहते. तुम्ही द्राक्षाची दोन पानं घाला, नाशिककरांना ती शोधायला नको. मात्र पानं औषध न फवारलेल्या वेलीचीच हवीत. तशी खात्री नसेल तर बरणीत चिमूटभर काळ्या चहाची पत्ती पुरचुंडी करून टाका.

उन्हाळ्यात इथल्या स्वयंपाकघरात दोन-तीन दिवसांनी काकडी अर्धी आंबते, ती हिरवी, कुरकुरीत, नुसती खायला फार छान. सॅलडसाठी पूर्ण आंबलेली लागते, त्याला पोलंडमध्ये आठवडा ते दोन आठवडे जातात. महाराष्ट्राच्या उष्णतेत हे काम खूप लवकर होतं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज एक काकडी कापून चाखा. आतला गर पांढरा न राहता ऑलिव्हसारखा मळकट हिरवा आणि पारदर्शक दिसला की बरणी झाकण लावून फ्रिजमध्ये. पाणी गढूळ होणं अगदी बरोबर आहे. काळी, गुलाबी किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका.

माझा मुलगा शिक्षणासाठी पोलंडला गेला आहे. मित्राच्या घरी 24 डिसेंबरच्या जेवणाचं आमंत्रण आहे. आम्ही शाकाहारी. तो हे सॅलड खाऊ शकेल का? — एक आई, पुणे

ताई, त्याने या आमंत्रणाला जरूर जावं. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं हे जेवण, विगिल्या, पोलिश घरातलं वर्षातलं सर्वांत जिव्हाळ्याचं जेवण आहे. पहिला तारा दिसल्यावर सगळे बसतात, पातळ पांढरी पापडी एकमेकांना मोडून देत शुभेच्छा देतात. बारा पदार्थांची परंपरा आहे आणि एक ताट अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी रिकामं मांडलेलं असतं. माझ्या पहिल्या विगिल्याला त्या ताटाकडे बघून मला आपल्या घरच्या अतिथीची आठवण झाली आणि परकेपणा तिथेच संपला.

या जेवणात परंपरेने मांस नसतं, पण मासे असतातच, कार्प आणि हेरिंग. म्हणून मुलाने आधीच सांगावं, आणि माशांचा उल्लेख वेगळा करावा, कारण इथे अनेकजण मासे मांसात धरत नाहीत. ‘न्ये येम म्येंसा आनी रिब’ म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही. सॅलडबद्दल दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, भाज्या कशात उकडल्या? एरवी रविवारी कोंबडीचं सूप होतं आणि त्यातल्याच शिजलेल्या भाज्या दुसऱ्या दिवशी सॅलडमध्ये जातात. भाजी वाया न घालवण्याची ही जुनी, शहाणी रीत आहे, पण शाकाहाऱ्याने विचारायला हवं. विगिल्यासाठी बहुतेक घरांत साध्या पाण्यात उकडतात. दुसरी, अंडं. ते सॅलडमध्येही असतं आणि मेयोनेजमध्येही. अंडं खात नसेल तर त्याने कोबी-मशरूमचे पिएरोगी (करंजीसारखे, उकडलेले) आणि खसखशीचे गोड पदार्थ खावेत, पण पिएरोगीच्या पारीत अंडं आहे का आणि वर चरबीचे तुकडे आहेत का, तेही विचारावं. लाल बिटाचं सूप कशाच्या पाण्यात केलंय हे विचारायला विसरू नये.

घरी बिनअंड्याचं करायचं असेल तर बाजारात बिनअंड्याचं मेयोनेज मिळतं, पण ते गोडसर असतं. अर्धं ते आणि अर्धा ताजा, न आंबलेला चक्का घ्या, मोहरीची पेस्ट थोडी वाढवा, काकडीचं पाणी चमचाभर घाला. पोलंडमध्येही बरीच घरं अर्ध्या मेयोनेजऐवजी दही घालतात, तेव्हा संकोच नको.

आमच्याकडे लग्नाच्या जेवणात रशियन सॅलड असतं. हे तेच ना? — म्हापसा

एकाच घराण्यातली आहेत. 1860च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटाज रेस्टॉरंटमध्ये ल्यूसिएँ ऑलिव्हिए या आचाऱ्याने जे सॅलड प्रसिद्ध केलं, त्यात पक्ष्याचं मांस आणि क्रेफिशसारख्या महागड्या गोष्टी होत्या. घराघरांत जाताना त्यांची जागा बटाटा, गाजर, मटारने घेतली. पोलंडच्या सॅलडला कंदभाज्यांचा वास आणि आंबवलेल्या काकडीची धार असते. सायलेशियात, म्हणजे काटोविट्सेच्या बाजूला, याला ‘शावोत’ म्हणतात आणि त्यात हेरिंग किंवा सॉसेजही घालतात. सफरचंद घालावं की नाही, मका चालतो का, यावर पोलिश कुटुंबांत मनापासून वाद होतात. मेयोनेजच्या ब्रँडवर तर दोन पक्षच आहेत: विन्यारी आणि क्येलेत्स्की. क्येलेत्स्की 1959 पासून क्येल्त्सेत बनतं, मोहरीमुळे जरा झणझणीत लागतं. आमच्या घरात दुसरं येत नाही. कम्युनिस्ट काळात मेयोनेजची बरणी सहज मिळत नसे, सासूबाई रांगेत उभं राहून आणलेली बरणी इस्टरपर्यंत कपाटात मागे लपवून ठेवत. त्यामुळे त्या आजही बरणी शेवटच्या थेंबापर्यंत पुसून घेतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

उरलेलं सॅलड किती दिवस टिकतं? — कोल्हापूर

कोल्हापूरचं नाव इथे ओळखीचं आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. तिथे गेलात तर जरूर बघा.

सॅलड फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस, फार तर तीन. गोठवू नका, बटाटा पाणचट होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेबलावर तासाभराहून जास्त ठेवू नये. म्हणून मोठ्या समारंभात एकच मोठं भांडं मांडण्याऐवजी दोन छोटी करा, एक टेबलावर, एक फ्रिजमध्ये. कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनेज अशा वेळी टाळा, बाटलीतलं वापरा. आणि मेयोनेज लावायच्या आधी चिरलेल्या भाज्यांतला थोडा भाग कोरडाच बाजूला काढून ठेवलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ताजं कालवून ब्रेडबरोबर खाता येतं. आमच्याकडे न्याहारीला तेच असतं.