प्रश्न तुमचे : ‘मला घरी जायचंय’

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि उतारवयातलं एकटेपण या विषयांवर बरीच पत्रं आली. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र करून सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, निदान होऊन २ वर्षं झाली. दिवसभर बऱ्या असतात, पण ५ वाजले की दाराशी येरझाऱ्या सुरू. ‘मला घरी सोड, आई वाट बघत असेल’ असा धोशा लावतात. याच घरात त्या ४० वर्षं राहिल्या आहेत. समजावलं की आणखीच चिडतात.

समजावणं आधी थांबवा. ‘हेच तुमचं घर’ हे खरं असलं तरी त्या क्षणी त्यांच्या काही कामाचं नाही. त्या बहुधा लहानपणच्या घराबद्दल बोलत असतात. पुष्कळदा तर घर हा विषयच नसतो, ‘मला इथं भीती वाटतेय’ हेच त्या वेगळ्या शब्दांत सांगत असतात. त्यामुळे बोलायचं ते त्या भीतीशी. ‘घरची आठवण येतेय ना?’ असं म्हणून शेजारी बसा. घरात कोण कोण होतं, दारात झाड होतं का, ते विचारा. पाचेक मिनिटं बोलणं झालं की हाताला काम द्या : टॉवेलच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या लावणं, असं काहीही. तरीही दाराकडेच ओढ असेल तर अडवू नका. सोबत बाहेर पडा, एक फेरी मारा आणि परत या. बाहेरून आत आलं की ‘आलो घरी’ असं त्यांना बऱ्याचदा आपोआप वाटतं.

आता हे संध्याकाळीच का होतं? मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यातला पेशींचा एक छोटा पुंजका दिवस-रात्रीचं घड्याळ सांभाळतो आणि अल्झायमरमध्ये त्या पेशीही झिजतात. त्यात दिवसभराचा थकवा, भूक, तुंबलेली लघवी आणि उजेड उतरताना लांबत जाणाऱ्या सावल्या. म्हणजे ५ वाजताच्या त्रासाची तयारी सकाळपासूनच करावी लागते.

सकाळी अर्धा ते एक तास त्यांना बाहेरच्या उजेडात बसवा किंवा चालवा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको आणि ३ नंतर तर नकोच. चहा-कॉफी दुपारच्या आत संपवा. साडेचारला थोडं खायला द्या आणि लघवीला नेऊन आणा. सूर्य मावळायच्या तासभर आधी खोलीतले सगळे दिवे लावा. कोपऱ्यातला एकच दिवा सावल्या उलट वाढवतो. पडदेही तेव्हाच ओढून घ्या, कारण बाहेर अंधार पडला की खिडकीच्या काचेचा आरसा होतो आणि त्यात दिसणारी व्यक्ती त्यांना परकी वाटते. बातम्यांचा आवाज बंद ठेवा. दाराजवळ चपला, पर्स, छत्री दिसत असेल तर ती आत ठेवा. या वस्तू नजरेस पडल्या की ‘निघायचं’ हेच सुचतं.

बहुतेकांचं चुकतं ते इथं : हे सगळं तीन दिवस करून पाहतात आणि सोडून देतात. निदान दोन आठवडे करा आणि वहीत दोनच गोष्टी टिपा : त्रास किती वाजता सुरू झाला आणि त्याआधीच्या तासात काय घडलं. दहाएक दिवसांत काहीतरी सूत्र दिसू लागतं.

दाराला घंटी लावा. त्या घरात एकट्या असताना बाहेरून कुलूप मात्र कधीही लावू नका, आग लागली तर त्या अडकतील. नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवण्यापेक्षा कपड्याच्या आतल्या बाजूला शिवून टाका. खिशातलं त्या काढून ठेवतात. अलीकडचा फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या. त्या दिसेनाशा झाल्याच, तर घर, न्हाणीघर, गच्ची आणि आजूबाजूचा परिसर १० मिनिटांत पाहा आणि लगेच पोलिसांना कळवा. ‘थोडी वाट बघू’ म्हणण्यात मोलाचा वेळ जातो.

प्रश्न : आई ३ वर्षांपूर्वी गेली. बाबा दिवसातून १०-१२ वेळा ‘तुझी आई कुठे आहे?’ विचारतात. खरं सांगितलं की रडतात, आणि तासाभराने पुन्हा तेच.

तुम्ही जेव्हा जेव्हा सांगता, तेव्हा तेव्हा बाबांसाठी आई नव्याने जाते. आणि बातमी विसरली तरी दुःख विसरत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली यावर काम केलं होतं. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, निकामी झालेल्या रुग्णांना त्यांनी काही दुःखी तर काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते हे रुग्ण थोड्याच वेळात विसरले, उदासी किंवा आनंद मात्र रेंगाळत राहिला. २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांमध्येही हेच दिसलं. दुपारी ‘उगीच’ खिन्न बसलेले बाबा प्रत्यक्षात सकाळी कळलेल्या बातमीचं ओझं वाहत असतात. कशाचं ओझं, हे तेवढं त्यांना आठवत नाही.

म्हणून प्रश्नाच्या मागे जा. ‘आईची फार आठवण येतेय का, बाबा?’ असं विचारून तिच्याबद्दल बोलू द्या. जेवायच्या सुमारास हा प्रश्न जास्त येत असेल तर त्यांना भूकही लागली असेल, इतकी वर्षं त्यांना वाढणारी तीच होती. ‘आई बाहेर गेलीय, येईल’ अशी थाप मारू नका. ती त्या घटकेला चालते, पण मग ते दाराकडे डोळे लावून बसतात आणि संध्याकाळी काळजीने कासावीस होतात.

एक अपवाद. त्यांनी स्वतःच ‘ती गेली ना?’ असं थेट विचारलं तर ‘हो’ म्हणा, हात हातात घ्या आणि बसून राहा. तेव्हा विषय बदलणं क्रूरपणाचं ठरेल.

घरातल्या सगळ्यांनी दर वेळी तेच शब्द वापरावेत. बोलून झाल्यावर मनात १० आकडे मोजा. शब्द कानावरून अर्थापर्यंत पोचायला त्यांना तेवढा वेळ लागतो. मध्येच तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारलात तर आधीचं काम वाया जातं आणि नवं सुरू होतं. ‘आठवतं का?’ हे दोन शब्द घरातून हद्दपार करा.

प्रश्न : वडिलांना अंघोळीला न्यायचं म्हटलं की ते अंगावर धावून येतात. दोघांनी धरून न्यावं लागतं.

दोघांनी धरणं आजपासून बंद. त्यांच्या बाजूने पाहा : ओळख पटत नसलेली माणसं कपडे काढताहेत, गारठा आहे, पाण्याचा मोठा आवाज येतोय. अशा वेळी कुणीही हात उगारेल.

रोज पूर्ण अंघोळ हवीच, हा हट्टही सोडा. आठवड्यातून दोनदा पुरते. बाकीच्या दिवशी कोमट ओल्या कापडाने चेहरा, काखा, जांघा आणि पावलं पुसली, आणि लघवी-शौचाची जागा नीट स्वच्छ ठेवली, की झालं.

अंघोळीच्या दिवशी सगळं आधी मांडून ठेवा, म्हणजे त्यांना मध्येच एकटं सोडावं लागणार नाही. दोन मोठे टॉवेल. कपडे चढवायच्या क्रमाने रचलेले, सगळ्यात आधी घालायचा तो वर. पायांना रबर असलेलं बसायचं स्टूल. पाणी ३७-३८ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून पाहा, हाताच्या तळव्याला अंदाज नीट येत नाही. पायाखालचं न घसरणारं मॅट काळं किंवा गडद नको. काय किती खोल आहे याचा अंदाज बिघडलेला असतो, त्यामुळे गडद चौकोन त्यांना खड्डा वाटतो आणि ते पाऊल टाकत नाहीत. आरसा झाका.

‘अंघोळ’ हा शब्द ऐकूनच भडकत असतील तर तो उच्चारू नका. ‘पाणी छान कोमट झालंय, पाय धुऊ या’ म्हणा. एक टॉवेल खांद्यावरून, दुसरा मांडीवर. टॉवेल असू द्या आणि त्याच्या आतून धुवा. अंग उघडं पडलं नाही की अर्धी भीती जाते. सुरुवात पावलांपासून, मग वर वर. डोक्यावरून पाणी शेवटी, नाहीतर केस वेगळ्या दिवशी धुवा. एक कापड त्यांच्या हातात द्या. छाती-पोट ते स्वतः चोळतील, आणि हातही गुंतलेला राहील. प्रत्येक स्पर्शाआधी सांगा : ‘आता उजवा पाय.’ ते तरुण होते तेव्हाची, त्यांच्या आवडीची गाणी हळू आवाजात १५-२० मिनिटं आधी लावून ठेवली तर पुष्कळ फरक पडतो.

हात वर करताना ओरडतात का, तेही बघा. खांदा दुखत असेल तर ते शब्दांत सांगू शकत नाहीत आणि आपण त्याला राग म्हणतो. अंघोळीच्या तासभर आधी वेदनाशामक द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. एवढं करूनही ‘नाही’ म्हणाले तर थांबा आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणी विचारून पाहा.

पुसताना टाचा, माकडहाड आणि कुल्ल्यांची हाडं नजरेखालून घाला. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर तो शय्याव्रण (सतत भार पडून होणारी जखम) आहे, सुरुवातीचा. त्या बाजूवर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आईला डिमेन्शिया आहे, पण परवापर्यंत ती आम्हाला ओळखत होती. दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागली, दिवसभर गुंगीत असते. आजार पुढच्या टप्प्यात गेला का?

हे पान बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. अल्झायमरसारखा आजार दोन दिवसांत अशी उडी मारत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेल्या अशा बदलाला डेलिरियम म्हणतात आणि त्यामागे शरीरातलं काहीतरी कारण असतं : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, कोंडलेली शौच, नवं औषध, न सांगता आलेलं दुखणं. चिडणारा, ओरडणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. तुमच्या आईसारखा गुंगीत पडून राहणारा मात्र ‘शांत आहे’ म्हणून सुटून जातो, आणि म्हणूनच तो जास्त धोक्यात असतो.

निघताना एवढं आठवून लिहून घ्या : शेवटची लघवी आणि शौच कधी झाली, गेल्या दोन आठवड्यांत कुठलं औषध सुरू किंवा बंद झालं, कुठे पडली होती का. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा तोंड वाकडं झालंय, एक हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय असं दिसलं, तर थेट आपत्कालीन विभागात न्या. कारण सापडून उपचार झाले तरी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात.

प्रश्न : आई ८१ वर्षांची, एकटी राहते, स्मरणशक्ती उत्तम. मी रोज फोन करतो. ‘ठीक आहे’ म्हणते आणि ठेवून देते. ती एकटी पडलीय का, हे कसं ओळखायचं?

‘तुला एकटं वाटतं का?’ याला बहुतेक आया ‘छे’ म्हणतील. संशोधनात यासाठी तीन आडवळणाचे प्रश्न वापरतात : सोबत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं, आणि सगळ्यांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. ‘क्वचित’ला १, ‘कधीकधी’ला २, ‘नेहमी’ला ३ गुण. बेरीज ६ किंवा त्याहून जास्त आली तर एकटेपण आहे असं सर्वसाधारणपणे धरतात. भेटीत, गप्पांच्या ओघात विचारा, फोनवर नको.

पण त्याआधी कान तपासून घ्या. फोन लवकर ठेवण्याचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. वयामुळे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत, आणि सारखं ‘काय?’ विचारण्यापेक्षा ‘ठीक आहे’ म्हणणं सोपं वाटतं. ओरडून उपयोग नाही. सावकाश बोला, आणि व्हिडिओ कॉल करा, म्हणजे ओठ दिसतील. कानात मळ साठला आहे का ते बघून श्रवणचाचणी करा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत श्रवणदोष, नैराश्य आणि सामाजिक एकटेपण हे तिन्ही आहेत.

श्रवणयंत्र घेतलंत आणि ते खणात पडून राहिलं, असं खूप घरांत होतं. पहिल्या दिवसापासून १० तास घातलं तर भांड्यांचे, पंख्याचे आवाज असह्य होतात. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, १-२ तास. मग हळूहळू वाढवा. बटणासारखी झिंक-एअर बॅटरी असेल तर चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवा आणि मग बसवा. हवा लागल्याशिवाय ती पूर्ण जोमाने चालत नाही.

फोनवर रोज ‘बरी आहेस ना? गोळ्या घेतल्यास?’ एवढंच विचारत असाल तर तिलाही बोलायला काही उरत नाही. तिच्याकडे काहीतरी मागा : एखाद्या नात्याची माहिती, शिवणातली अडचण, नातवाला दर बुधवारी एक धडा वाचून दाखवणं. आपली कुणाला तरी गरज आहे, हे तिला त्यातून कळेल. वर्षातून एकदा गोतावळा जमवण्यापेक्षा त्याच चार माणसांची आठवड्याची ठरलेली भेट जास्त उपयोगी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, भूक-झोप बिघडली आहे, ‘आता कशाला जगायचं’ असं बोलते, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : काकांना डिमेन्शियासाठी डोनेपेझिल चालू आहे. सर्दी आणि झोपेसाठी ते जुनी ॲलर्जीची गोळी घेतात. चालेल का?

बहुधा नाही. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी औषधं मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, आणि डोनेपेझिल नेमकं तेच वाढवायला देतात. एक औषध दुसऱ्याला खोडून काढतं. वर गोंधळ, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, पडणं. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं आणि अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषधही याच वर्गातली आहेत. ती मात्र मनाने एकदम बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना नावांची यादी नेऊ नका. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, खोकल्याच्या बाटल्या, थेंब, असं सगळं एका पिशवीत घालून न्या. यादीत फक्त चिठ्ठीवरची औषधं येतात; उशीखालची गोळी पिशवीतच सापडते.