बिल्ला पाहावा की मंगळवारची प्रॅक्टिस?

वाचकांचे प्रश्न : मुलींचा क्लब सॉकर

प्रश्न : आमच्या मुलीला फेब्रुवारीत बारावे वर्ष पूर्ण झाले. गेली चार वर्षे ती गावच्या टीममधून खेळते आणि आता तिला क्लबमध्ये जायचे आहे. मे महिन्यातील ट्रायआउटसाठी (निवड चाचणीसाठी) आम्ही दोन क्लब हेरून ठेवले आहेत. पहिला मोठा आहे. त्याची मुख्य टीम ईसीएनएल या वरच्या दर्जाच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळते, परंतु आमच्या मुलीला दुसऱ्या टीममध्ये जागा मिळेल असे तिथल्या संचालकांनी सुचवले आहे. दुसरा शेजारच्या गावचा, लहानसा; त्याचे नाव आमच्या ओळखीत कोणी ऐकलेले नाही, मात्र तिथल्या कोचबाई मुलीला आवडल्या आहेत. आम्हां दोघांपैकी कोणीही कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही, यजमान तर पक्के क्रिकेटवाले. भारतात शाळा निवडताना दहावीचा निकाल पाहत, तसा इथे जिंकलेल्या सामन्यांचा तक्ता पाहावा काय?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तक्ता पाहण्यास हरकत नाही, पण या वर्षी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. गेली काही वर्षे इथल्या टीमा जन्मवर्षानुसार, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर अशा बांधल्या जात होत्या. २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख युवा संघटनांनी ही विभागणी १ ऑगस्ट ते ३१ जुलै अशी, शाळेच्या वर्षाशी जुळणारी केली आहे. आपली मुलगी फेब्रुवारी २०१४ ची. म्हणजे तिच्याच वर्षी पण ऑगस्टपासून पुढे जन्मलेल्या मुली आता खालच्या गटात राहतील आणि ऑगस्ट ते डिसेंबर २०१३ मधल्या, तिच्याहून मोठ्या मुली तिच्या गटात येतील. ज्या टीमचा तक्ता आपण अभ्यासणार, ती टीम सप्टेंबरात तशी उरणारच नाही.

शिवाय बारा वर्षांखालील गटात नऊ-नऊ जणी लहान मैदानावर चार नंबरच्या चेंडूने खेळतात, आणि तेराखालील गटापासून अकरा-अकरा जणी, पूर्ण मैदान आणि पाच नंबरचा चेंडू येतो. लहान मैदानावर एक उंच, वेगवान मुलगी पुढे ठेवायची आणि मागून तिच्या दिशेने लांब फटका मारायचा, एवढ्या भांडवलावर टूर्नामेंटचे चषक घरी आणता येतात. माझ्या थोरल्या मुलीच्या टीमने अकराव्या वर्षी एकही सामना न हरता हंगाम संपवला होता. दोन वर्षांनी त्याच मुलींना सलग तीन पास जमेनात, कारण चेंडू मिळाल्यावर मान वर करून आजूबाजूला पाहायचे असते हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते, हेही कबूल करते.

आता बिल्ल्याविषयी, म्हणजे जर्सीवरच्या लीगच्या चिन्हाविषयी. ईसीएनएल २००९ मध्ये मुलींसाठी सुरू झाली. पुढे २०१७ मध्ये यू. एस. सॉकर या अमेरिकेच्या सॉकर महासंघाने मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, २०२० मध्ये ती बंद केली, आणि त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी नावाची नवी लीग उभी राहिली. त्या तीन वर्षांत कित्येक क्लबांनी जर्सीवरचे बिल्ले बदलले. कोच आणि मैदाने बहुतेक ठिकाणी तीच राहिली. तेव्हा बिल्ला हा पहिल्या टीमचा दाखला आहे, दुसऱ्या टीमचा नव्हे. मोठ्या क्लबला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. आपल्या मुलीच्या टीमला रोज शिकवणारा कोच नेमका कोण, कारण ट्रायआउटच्या दिवशी गोड बोलणारे संचालक पुन्हा हंगामाच्या शेवटीच दिसतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. आणि गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या टीममधून पहिल्या टीममध्ये किती मुली गेल्या. या दुसऱ्या प्रश्नाला आकड्याऐवजी आश्वासन मिळाले, तर उत्तर मिळाले असे समजावे.

खरी परीक्षा मात्र एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी घ्यावी. सामना पाहून कोच कळत नाही, प्रॅक्टिस पाहून कळतो. परवानगी मागून दोन्ही क्लबांच्या मैदानाच्या कडेला तासभर खुर्ची टाकून बसावे, आणि चेंडूकडे न पाहता एकाच मुलीकडे पाहावे, शक्यतो टीममधल्या सर्वांत कच्च्या मुलीकडे. ती रांगेत किती वेळ उभी राहते? तिच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो? ती चुकते तेव्हा काय होते? काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या थंडीत मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. मधल्या फळीतल्या एका मुलीने चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात दिला. कोचने खेळ थांबवला, सर्वांना जागेवर उभे केले आणि तिला एवढेच विचारले, "पास देण्याआधी तुला काय दिसत होतं?" ती म्हणाली, "फक्त चेंडू." कोच म्हणाली, "मग आता मान वर कर आणि सांग, कोण मोकळं आहे?" मुलीने बोट दाखवले, चेंडू पुन्हा तिच्याकडे दिला गेला, खेळ सुरू झाला. सगळे मिळून वीस सेकंद. शेजारच्याच मैदानावर दुसरा एक कोच "डावीकडे! मागे! मार!" असे अखंड ओरडत होता, आणि त्याच्या मुली चेंडू मिळाला की आधी त्याच्याकडे पाहत, मग गोलकडे. त्याची टीम त्या वर्षी अधिक सामने जिंकली असेलही.

यजमान क्रिकेटवाले आहेत, तर हिशेब त्यांच्यावर सोपवावा. तेराखालील सामना ३५ मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे ७० मिनिटांचा. अकरा जागा धरल्या तर वाटून घ्यायला ७७० मिनिटे होतात. टीममध्ये सोळा मुली असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ४८ मिनिटे येतात, वीस असतील तर साडेअडतीस; आणि गोलकीपर बहुधा पूर्ण सामना उभी राहते, म्हणून बाकीच्यांच्या वाट्याला त्याहूनही थोडी कमी. टीममध्ये किती मुली घेणार, हा प्रश्न त्यामुळे फीइतकाच महत्त्वाचा आहे. बाकावर बसून सॉकर शिकता येत नाही, आणि फी भरताना मात्र बाकावरच्या मुलीला सवलत नसते.

कोचचे लायसन्स विचारावे, पण त्याला पदवीसारखे पुजू नये. यू. एस. सॉकरच्या शिडीवर ग्रासरूट्स अभ्यासक्रमांनंतर डी, सी, बी आणि ए अशा पायऱ्या आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना उत्तम शिकवणारा डी लायसन्सचा कोच मी पाहिला आहे आणि त्याहून वरच्या लायसन्सचा, मुलींची नावे हंगाम अर्धा संपेपर्यंत पाठ नसलेला कोचही पाहिला आहे. त्यापेक्षा तो किती टीमा सांभाळतो हे विचारावे. तीन टीमा सांभाळणारा माणूस रविवारी एका वेळी तीन मैदानांवर उभा राहू शकत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा अजिबात नको. महिलांच्या व्यावसायिक लीगमधील गैरप्रकारांची चौकशी करणारा वकील सॅली येट्स यांचा अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. शिवीगाळ खपवून घेण्याची आणि कोच व खेळाडू यांच्यातील मर्यादा पुसट करण्याची सवय मुलींच्या युवा सॉकरपासूनच लागते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सेफस्पोर्ट या खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठीच्या राष्ट्रीय केंद्राच्या नियमांनुसार कोच आणि अल्पवयीन खेळाडू यांची एकट्याने होणारी भेट इतरांना दिसेल आणि मध्येच थांबवता येईल अशी असावी लागते, आणि कोचच्या संदेशांत पालक किंवा दुसरा प्रौढ सामील असावा लागतो. म्हणून "टीमचे निरोप कसे पाठवता?" एवढेच साधेपणाने विचारावे. व्यवस्थित क्लब एका वाक्यात उत्तर देतो. सेफस्पोर्टची कारवाई झालेल्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे. त्यात कोचचे नाव शोधायला दोन मिनिटे लागतात आणि त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

याच वयापासून मुलींच्या गुडघ्यांचीही काळजी सुरू होते. गुडघ्यातील एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका याच खेळातल्या मुलांपेक्षा मुलींना बराच अधिक असतो, आणि फिफा ११+ सारखा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमाने केल्यास दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसले आहे. प्रॅक्टिसची सुरुवात मैदानाला दोन फेऱ्या आणि लगेच गोलवर फटके अशी होत असेल, तर ते वहीत टिपून ठेवावे.

पैशांबद्दल थोडक्यात : फी हा केवळ पहिला आकडा असतो, युनिफॉर्म, टूर्नामेंट, हॉटेल आणि विमानाची तिकिटे वेगळी. क्लब ना-नफा संस्था असेल तर त्याचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला दिलेले वार्षिक विवरणपत्र, कोणालाही पाहता येतो, आणि पैसा कोठे जातो ते त्यातून बरेच कळते.

माझे मत सांगायचेच झाले, तर मी लहान क्लब निवडेन. अट एवढीच, की त्या कोचबाई पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहेत हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

प्रश्न : आमची मुलगी नववीत आहे. "आमच्याकडे आलात तर कॉलेजची स्कॉलरशिप नक्की" असे एका क्लबने सांगितले. फी सध्याच्या दुप्पट आहे. विश्वास ठेवावा का?
— एक बाबा, डॅलसजवळून

उत्तर : "नक्की" हा शब्द ऐकताच उठावे. एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटातील कोच मुलीशी दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी भरतीविषयी बोलूच शकत नाहीत, तेव्हा नववीत कोणी काय नक्की करणार? डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमधील कॉलेजे खेळाची स्कॉलरशिप देतच नाहीत. क्लबच्या संकेतस्थळावर कॉलेजांचे झेंडे घेऊन हसणाऱ्या मुलींचे फोटो असतात. त्याऐवजी गेल्या वर्षी बारावी झालेल्या अख्ख्या टीमची यादी मागावी, नावे नकोत, फक्त किती जणी कोठे खेळायला गेल्या आणि किती जणींनी खेळ सोडला. शेवटचा आकडा सांगायला क्लब कचरत असेल, तर दुप्पट फी कशासाठी याचा विचार करावा.

प्रश्न : मी पुण्याहून नातीकडे चार महिन्यांसाठी आलो आहे. तिचा कोच मुलींवर फार ओरडतो. आमच्या काळी कबड्डीचे सर कानाखाली वाजवत, म्हणून मी गप्प बसतो. बोलावे का?
— एक आजोबा, बोस्टन

उत्तर : आजोबा, आपल्या सरांच्या हातून आपण काय शिकलात आणि त्यांच्या हाताला घाबरून काय शिकायचे राहिले, याचा हिशेब आता कोण मांडणार! मैदान मोठे असल्यामुळे आवाज चढवावाच लागतो, त्यात वावगे नाही. तो शब्द खेळाविषयी आहे की मुलीविषयी, एवढेच ऐकावे. "मागे ये" ही सूचना आहे. "तुझ्यामुळे हरलो", किंवा वजनावरून, रंगावरून मारलेला शेरा ही सूचना नव्हे. असे काही ऐकू आले तर तारीख आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत आणि सुनेला किंवा मुलाला दाखवावेत. क्लबच्या संचालकांकडे आणि त्यांनी दाद न दिल्यास राज्य संघटनेकडे लेखी तक्रार पालकांनीच करायची असते. लैंगिक स्वरूपाचे काहीही दिसले वा ऐकले, तर क्लबच्या उत्तराची वाट न पाहता थेट पोलिसांना आणि सेफस्पोर्टला कळवावे. वही मराठीतच ठेवा, फक्त कोचचे शब्द त्याने उच्चारले तसेच टिपा.